बंधुमंडळातील वडीलधारे

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये, पदावरून उतरावयास जेमतेम महिना उरला असता, एका विधेयकावर स्वाक्षरी केली. ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट’ हे त्याचे नाव. नवागत विद्यार्थ्याला एखाद्या मंडळात घेताना त्याचा जो छळ केला जातो त्याची नोंद प्रत्येक महाविद्यालयाने ठेवावी, दोषी ठरलेल्या संघटनांची नावे जाहीर करावीत आणि असे प्रकार टाळण्याचे शिक्षण विद्यार्थ्यांना द्यावे, असे हा कायदा सांगतो. बैल गेल्यावर झोपा करण्याचा हा प्रकार आहे, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. या विषयाचा आयुष्यभर पाठपुरावा करणारे पत्रकार-प्राध्यापक हँक न्यूअर यांनी ठेवलेल्या नोंदींनुसार १९५९ पासून २०२१ पर्यंत एकही वर्ष असे गेले नाही की ज्यात या छळापायी अमेरिकेत निदान एका तरुणाचा बळी पडला नाही. सहा दशकांहून अधिक काळ दरवर्षी कोठे तरी एक घर अंधारे होत राहिले आणि त्या देशाच्या संसदेला एकविसाव्या शतकाची पंचविशी उगवताना जाग आली.

तथापि या कायद्यात ज्यांचा फारसा उल्लेख नाही असा एक वर्ग या प्रश्नाच्या मुळाशी उभा आहे. तो म्हणजे या मंडळांचे माजी सभासद. विद्यार्थ्यांची नावे, महाविद्यालयांची जबाबदारी, पोलिसांचे अधिकार यांची चर्चा होते. पण ज्या घरात हे सारे घडते त्या घराचा मालक कोण, हा साधा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे बंधुमंडळ. ही संस्था मराठी वाचकाला प्रामुख्याने इंग्रजी चित्रपटांतून ठाऊक झाली आणि तेथे ती दारूच्या पिंपांसह येते. तिचा उगम मात्र निराळा आहे. व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात ५ डिसेंबर १७७६ रोजी, म्हणजे अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला त्याच वर्षी, काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कापा’ नावाचे गुप्त मंडळ स्थापन केले. वादविवाद करावा, निबंध वाचावेत, मैत्री जोडावी हा त्याचा हेतू. पुढे १८३१ मध्ये त्याने गुप्तता सोडली आणि आज ते केवळ विद्वत्तेचा सन्मान करणारे मंडळ म्हणून ओळखले जाते. सामाजिक स्वरूपाच्या बंधुमंडळांची परंपरा न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात १८२५ मध्ये ‘कापा अल्फा सोसायटी’पासून सुरू झाली. त्या काळी महाविद्यालयातील शिक्षण म्हणजे ग्रीक-लॅटिनची घोकंपट्टी आणि पाद्र्यांची कडक शिस्त. मुलांनी आपली आपण एक जागा निर्माण केली; जेथे गुरुजींची छडी पोचत नव्हती आणि जेथे अध्यक्ष, कोषाध्यक्ष, कार्यवाह सारे वीस-एकवीस वर्षांचे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मंडळांनी घरे घेतली. वसतिगृहे अपुरी असल्याने महाविद्यालयांनाही ती सोयीची वाटली. पण विद्यार्थी चार वर्षांनी जातो, घराचे कर्ज वीस वर्षे फेडावे लागते. मग मालकी कोणाकडे असावी? ती माजी सभासदांच्या एका वेगळ्या कंपनीकडे सोपविण्याची प्रथा पडली. अनेक ठिकाणी ती आजही चालू आहे. छप्पर गळले की माजी सभासद पैसे उभे करतात, भाडे तेच ठरवितात आणि ऐन वेळी घराला कुलूप लावण्याचा अधिकारही त्यांच्याच हाती असतो. अशा रीतीने ज्या विद्यार्थ्यांना वडीलधाऱ्यांची सावली नको होती, त्यांच्या डोक्यावरचे छप्परच वडीलधाऱ्यांचे झाले.

शिबिरांचे पीक

‘नेतृत्वविकास’ हा शब्द आज प्रत्येक बंधुमंडळाच्या माहितीपत्रकात आढळतो. राष्ट्रीय पातळीवरील मंडळांची केंद्रीय कार्यालये असतात, उन्हाळ्यात अध्यक्षांसाठी, कोषाध्यक्षांसाठी, नव्या सभासदांच्या मार्गदर्शकांसाठी शिबिरे भरतात आणि नुकतेच पदवीधर झालेले तरुण ‘सल्लागार’ म्हणून शाखांना भेटी देत देशभर फिरतात. या उत्साहाचे एक कारण आदर्शवादी आहे, दुसरे हिशेबाचे आहे. अमेरिकेच्या करकायद्यात शैक्षणिक कार्याला दिलेल्या देणगीवर सूट मिळते. बंधुमंडळाच्या दिवाणखान्याला किंवा शयनगृहाला दिलेल्या देणगीवर ती सहजासहजी मिळत नाही. यात बदल व्हावा म्हणून मंडळांनी संसदेकडे वर्षानुवर्षे खटपट चालविली आहे. तोवर देणगीदाराचा पैसा शिबिरांकडे वळणे स्वाभाविक होते. नेतृत्वाचे पीक इतके उदंड येण्यामागे या करसवलतीच्या पाटाचे पाणीही आहे, हे विसरून चालणार नाही.

शिबिरे निरुपयोगी असतात असा याचा अर्थ नव्हे. सभा कशी चालवावी, अंदाजपत्रक कसे करावे, मतभेद कसे मिटवावेत हे शिकविता येते आणि शिकविले पाहिजे. पण शिबिरात शिकलेले धैर्य मध्यरात्री उपयोगी पडते की नाही, याची परीक्षा पेनसिल्व्हानियात झाली.

फेब्रुवारी २०१७ मधील ती घटना त्या देशात सर्वांना ठाऊक आहे. पेन स्टेट विद्यापीठातील ‘बीटा थीटा पाय’ या मंडळाच्या घरी नवागतांचा स्वीकार करण्याची रात्र होती. एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला थोड्याच वेळात भरमसाट मद्य पाजण्यात आले. तो जिन्यावरून कोसळला. मंडळींनी त्याला उचलून कोचावर निजविले. रुग्णवाहिका बोलाविली गेली ती सुमारे बारा तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी. ४ फेब्रुवारीला तो मरण पावला. आता या घराची स्थिती पाहावी. या राष्ट्रीय मंडळाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस तत्त्वनिष्ठ पुरुष घडविण्याची मोहीम हाती घेतली होती आणि तिच्या जोडीला नेतृत्वाचे शिक्षण देणारे शिबिरही चालविले होते. हे घर नियमानुसार मद्यमुक्त होते. माजी सभासदाच्या उदार देणगीतून त्याचे नूतनीकरण झाले होते. घरात वडीलधारा निवासी सल्लागार नेमलेला होता. भिंतींवर कॅमेरे होते. आणि ती रात्र जगाला कळली ती या कॅमेऱ्यांमुळेच. पैसा, नियम, शिबिर, सल्लागार, यंत्र यांपैकी कशाचीच उणीव नव्हती.

त्या रात्रीचा आणखी एक तपशील नेतृत्वाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. घरातील एकाने डॉक्टरला बोलवा असा आग्रह धरला. तो अध्यक्ष नव्हता, कोषाध्यक्ष नव्हता. तो नुकताच सभासद झालेला मुलगा होता. त्याला बाजूला ढकलण्यात आले. पदाधिकारी ज्यासाठी शिबिरांना जातात तो गुण त्या घरात होता. फक्त तो पदावर नव्हता आणि जे पदावर होते त्यांना तो ओळखता आला नाही.

पदाधिकाऱ्यांनी मदत का बोलाविली नाही? क्रूरता हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. खरे उत्तर भीती हे असावे आणि ही भीती बऱ्याच अंशी वडीलधाऱ्यांनी उभारलेल्या व्यवस्थेतून येते. १९८४ मध्ये अमेरिकेने मद्यपानाचे किमान वय देशभर एकवीस करण्याचा कायदा केला. त्यामुळे महाविद्यालयीन तरुणांचे पिणे थांबले नाही. ते उपाहारगृहातून उठून खाजगी घरांत गेले आणि बंधुमंडळाचे घर त्यासाठी सर्वांत सोयीचे होते. त्याच सुमारास नुकसानभरपाईचे दावे वाढले, विमा कंपन्या तोंड फिरवू लागल्या, तेव्हा मंडळांनी १९८७ मध्ये एकत्र येऊन विम्यासाठी व नियमांसाठी संघटना उभारली. तिने घालून दिलेले नियम शहाणपणाचे आहेत. पण त्यांची दुसरी बाजू अशी की, नियम मोडला की केंद्रीय मंडळ अंग काढून घेते आणि वीस वर्षांचा अध्यक्ष एकटा उरतो. अशा मुलाला संकटाच्या क्षणी प्रथम काय आठवेल? शिबिरातले व्याख्यान की आपल्या शाखेची मान्यता? ज्या व्यवस्थेत खरे बोलणाऱ्याला सर्वांत मोठा दंड बसतो, त्या व्यवस्थेत मौन हाच शिष्टाचार होतो.

विद्यापीठांनीही याच काळात हात आखडता घेतला. त्याचे मूळ एका चांगल्या गोष्टीत आहे. अलाबामातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना भेदभावाविरुद्ध धरणे धरल्याबद्दल महाविद्यालयाने काढून टाकले, तेव्हा केंद्रीय अपील न्यायालयाने १९६१ मध्ये निर्णय दिला की विद्यार्थ्याला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याविना काढता येणार नाही. विद्यार्थी हा पाल्य नसून नागरिक आहे, हे तत्त्व यातून रुजले आणि ते योग्यच होते. पण पालकत्व सोडल्यावर त्या जागी काय ठेवावे, याचा विचार कोणी केला नाही. पूर्वी बंधुमंडळाच्या घरात ‘हाऊस मदर’ म्हणून एक प्रौढ बाई राहत असे. जेवणाच्या टेबलावर ती बसली की मुलांचा आवाज आपोआप खाली येई. दक्षिणेतील काही विद्यापीठे सोडली तर ती बहुतेक ठिकाणांहून नाहीशी झाली. तिची जागा नियमपुस्तिकेने घेतली. पुस्तिका टेबलावर बसत नाही.

आठवणींचे मालक

माजी सभासदांकडे परत वळले पाहिजे, कारण दोरी त्यांच्या हाती आहे. त्यांचा सर्वसाधारण परिचय असा की, फुटबॉलच्या हंगामात वर्षातून एकदा ते येतात, जुन्या खोलीत डोकावतात, ‘आमच्या वेळी’ने सुरू होणाऱ्या दोन-चार गोष्टी सांगतात आणि धनादेश लिहून परत जातात. या गोष्टींत आपण काय काय सोसले याचे वर्णन रंगून केलेले असते. ऐकणारा विद्यार्थी त्यातून एकच बोध घेतो: हे सोसल्याविना माणूस बंधू होत नाही. केंद्रीय कार्यालयाने पाठविलेले छळविरोधी परिपत्रक आणि पन्नाशीच्या यशस्वी वकिलाने डोळे मिचकावून सांगितलेली आठवण यांत कोणाचे वजन अधिक पडणार, हे सांगावयास मानसशास्त्रज्ञाची गरज नाही.

सुधारणेला विरोधही पुष्कळदा याच दिशेने येतो. न्यू हॅम्पशायरमधील डार्टमथ महाविद्यालयाच्या चालकांनी १९९९ मध्ये केवळ मुलांची व केवळ मुलींची मंडळे ही पद्धत मोडण्याचा मानस जाहीर केला, तेव्हा विद्यार्थ्यांइतकाच माजी विद्यार्थ्यांचा गहजब झाला आणि योजनेची धार बोथट झाली. वर्णभेदाच्या बाबतीत तर काही मंडळांचा इतिहास लाजिरवाणा आहे. १९४८ मध्ये ॲमहर्स्ट महाविद्यालयातील ‘फाय कापा साय’च्या विद्यार्थ्यांनी एका कृष्णवर्णीय सहाध्यायाला आपल्यात घेण्याचे ठरविले, तेव्हा राष्ट्रीय मंडळाने त्या शाखेलाच बाहेर काढले. या प्रसंगी नेतृत्व तरुणांनी दाखविले आणि ते विझविण्याचे काम वडीलधाऱ्यांनी केले.

उलट बाजूचे उदाहरणही तितकेच ठळक आहे. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स महाविद्यालयात बंधुमंडळांचे वर्चस्व इतके होते की, वरच्या वर्गांतील बहुसंख्य विद्यार्थी त्यांच्याच घरी जेवत. ज्यांना कोणी घेतले नाही त्यांच्या वाट्याला एकाकीपण येई. या प्रश्नावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष जे अँजेव्हाइन हे त्याच महाविद्यालयाचे जुने विद्यार्थी होते. अहवाल स्वीकारणारे महाविद्यालयाचे अध्यक्ष जॉन सॉयर हेही तेथलेच. १९६२ मध्ये समितीने सांगितले की, विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याची जबाबदारी महाविद्यालयाने आपल्याकडे घ्यावी. अनेक माजी विद्यार्थी संतापले. तरीही दशक संपता संपता बंधुमंडळांचा तेथील अंमल संपला. ज्या घराने आपल्याला मोठे केले त्याचे दार बंद करण्याचा सल्ला देणे, ही कृतज्ञतेची फार अवघड जात आहे.

पण बंद करणे हा प्रत्येक ठिकाणचा उपाय होऊ शकत नाही आणि माजी सभासदांच्या सहभागाचा खरा नमुना दुसऱ्याच मंडळांत सापडतो. गौरवर्णीयांच्या मंडळांची दारे बंद असताना ४ डिसेंबर १९०६ रोजी कॉर्नेल विद्यापीठात सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापन केले. दोन वर्षांनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात ‘अल्फा कापा अल्फा’ हे विद्यार्थिनींचे मंडळ निघाले. अमेरिकेच्या माजी उपाध्यक्षा कमला हॅरिस याच मंडळाच्या. या मंडळांत पदवी हा शेवट मानला जात नाही. पदवीधरांच्या वेगळ्या शाखा गावोगावी असतात, त्या नियमित भरतात आणि विद्यार्थिशाखांवर लक्ष ठेवतात. ‘अल्फा कापा अल्फा’च्या शिकलेल्या स्त्रिया, त्यांत डॉक्टर, परिचारिका व शिक्षिका होत्या, १९३५ ते १९४२ पर्यंत उन्हाळ्यात मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात जात आणि कुळांच्या मुलांना लसी टोचीत. त्यांच्या प्रमुख डॉ. डॉरोथी फेरेबी. ‘अल्फा फाय अल्फा’ने मतदारनोंदणीची चळवळ चालविली. मार्टिन ल्यूथर किंग १९५२ मध्ये बॉस्टनमध्ये संशोधन करीत असता या मंडळाचे सभासद झाले. वॉशिंग्टनमध्ये त्यांचे जे स्मारक २०११ मध्ये खुले झाले त्याची कल्पना आणि अनेक वर्षांची खटपट याच मंडळाची. येथे विद्यार्थ्याला नेतृत्व शिकविण्यासाठी वेगळा तास घ्यावा लागत नाही. आपल्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस कामावरून सुटल्यावर मतदारांच्या याद्या घेऊन दारोदार जातो, हे तो पाहतो आणि त्याच्या मागे चालू लागतो.

याचा अर्थ या मंडळांत सारे सोज्ज्वळ आहे असा मात्र नाही. तेथेही नवागतांना मारहाण झाली, जीव गेले. १९९० मध्ये अशा आठ मंडळांनी मिळून उमेदवारीची पद्धत रद्द केली, तेव्हा ती बंद होण्याऐवजी बरीचशी चोरवाटेने चालू राहिली आणि अधिकच निष्ठुर झाली. इतर मंडळांनीही हा प्रयोग केला आहे: ‘लॅम्डा काय अल्फा’ने १९७२ मध्ये, ‘झीटा बीटा टाव’ने १९८९ मध्ये, ‘सिग्मा अल्फा एप्सिलॉन’ने २०१४ मध्ये. परिषदेत ठराव मंजूर होतो. पण तो शाखेच्या तळघरापर्यंत पोचविणारा कोणी तरी लागतो. महिन्यातून दोनदा येऊन हिशेबाची वही पाहणारा, स्वयंपाकघरात डोकावणारा, नव्या मुलाला एकट्याला गाठून ‘बरे चालले आहे ना?’ असे विचारणारा माजी सभासद हाच तो दुवा. त्याच्या नावाची पाटी कोठे लागत नाही, म्हणून असे लोक मिळणे दुर्मीळ असते.

इकडचा संबंध

हा प्रश्न महाराष्ट्राला अगदी परका नाही. येथून जाणारी बहुतेक मुले पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात, त्यामुळे बंधुमंडळांशी त्यांचा संबंध थोडा. पण तेथे स्थायिक झालेल्या कुटुंबांची तिकडेच जन्मलेली मुले या वातावरणात वाढतात आणि भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनी आपली वेगळी मंडळेही काढली आहेत. टेक्सासमधील ऑस्टिन येथे १९९८ मध्ये निघालेले ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ हे त्यांतले एक. शिकागो किंवा न्यू जर्सीच्या मराठी घरात मुलगा ‘प्लेज’ होतो आहे हे ऐकून आईवडिलांना नेमके कशाची काळजी करावी तेच कळत नाही.

हेझिंग आणि आपल्याकडचे रॅगिंग ही सख्खी भावंडे आहेत, पण जुळी नव्हेत. रॅगिंगचा बळी वसतिगृहात खोली मिळाली म्हणून सापडतो. हेझिंगचा बळी स्वतः दार ठोठावून आत गेलेला असतो. त्यामुळे त्याने तक्रार करणे म्हणजे स्वतःच्याच इच्छेविरुद्ध साक्ष देणे होते. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्येच केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून राघवन समितीचा अहवाल २००७ मध्ये आला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ मध्ये. या बाबतीत आपण अमेरिकेच्या पुढे होतो. मात्र विद्यार्थ्यांच्या हाती खरी जबाबदारी देण्याच्या बाबतीत मागे. १९८९ मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला; त्यानंतर निवडणुका बंद झाल्या आणि १९९४ च्या कायद्याने गुणवत्तेवर नेमणुका आल्या. थेट निवडणुकीची तरतूद २०१६ च्या कायद्याने परत आणली, तरी मतदान लांबणीवर पडत राहिले. विद्यार्थ्याला घर चालवू दिले तर अपघात होतात हे अमेरिका दाखविते. पण चालवूच दिले नाही तर तो काय शिकतो?

मधला मार्ग महाराष्ट्राने पूर्वी काढला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतच्या बोर्डिंगांत मुले स्वतः दळण-कांडण, स्वयंपाक, शेतीकाम करीत आणि त्याच मुलांतून पुढे संस्थेचे आजीव सेवक निघाले. पुण्याची विद्यार्थी सहायक समिती, अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली, हिचे माजी विद्यार्थीही वसतिगृहाच्या कामात हातभार लावीत आले आहेत. येथील वडीलधारा आठवणी सांगण्यासाठी येत नाही, कामासाठी येतो. अलीकडे मात्र मूल्यांकन समिती येणार म्हटले की माजी विद्यार्थ्यांची यादी घाईने तयार होते, मेळावा भरतो, पुष्पगुच्छ दिले जातात, छायाचित्रे अहवालात चिकटविली जातात. आयआयटी मुंबईला नंदन निलेकणी यांनी २०२३ मध्ये ३१५ कोटी रुपये दिले, ही अभिमानाची गोष्ट होय. पण तालुक्याच्या महाविद्यालयात निलेकणी नसतात. तेथे बँकेतील कारकून असतात, माध्यमिक शिक्षक असतात, कृषी अधिकारी असतात. धनादेश त्यांना परवडणार नाही. वसतिगृहाच्या खानावळीची वही तपासण्यास, नव्या मुलाची चौकशी करण्यास आठवड्यातील एक संध्याकाळ मात्र परवडू शकते.

अमेरिकेच्या नव्या कायद्याने आता दोषी मंडळांची यादी सर्वांना वाचता येईल. ती सर्वप्रथम कोण वाचतो, हे पाहण्यासारखे ठरेल. मुलाला प्रवेश घेऊन देणारे पालक ती वाचतील, विमा कंपन्याही वाचतील. आपल्या जुन्या घराचे नाव त्यात दिसल्यावर माजी सभासद वकिलाला दूरध्वनी करतात की त्या घराची पायरी चढतात, यावर त्या यादीतील पुढील वर्षीच्या नावांची संख्या अवलंबून राहील.